ओट्स कुकीज कधी सपाट, कधी दगडासारख्या: एकाच कृतीत दर वेळी असं का होतं?

कृती तीच, साहित्य तेच, ओव्हनही तोच. तरी एका खेपेला ओट्स कुकीज ट्रेभर पसरून एकमेकींना चिकटतात आणि पुढच्या खेपेला ठेवल्या तशा चेंडूसारख्या गोल भाजून निघतात. मध्येच एखादी बॅच अगदी हवी तशी जमते: कडा कुरकुरीत, मधला भाग मऊ, चावताना ओट्स जाणवतील अशी. खूश होऊन आपण तीच कृती पुन्हा करतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हा त्रास मला कितीतरी महिने झाला. दर वेळी मी कृतीला दोष द्यायचे आणि नवी शोधायचे. शेवटी एकच कृती धरून ठेवली, प्रत्येक बॅचच्या नोंदी वहीत केल्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले. त्यातून कळलं ते असं: बिघाड बहुतेकदा कृतीत नसतो. ट्रे ओव्हनमध्ये जातो त्या क्षणी मिश्रणातलं पाणी ओट्सनी किती प्यायलंय आणि बटर किती गार आहे, या दोन गोष्टी दर वेळी वेगळ्या असतात. आणि कृतीत त्यांच्याबद्दल क्वचितच काही लिहिलेलं असतं.

बोलायला सोपं जावं म्हणून माझी कृती आधी देते. ११५ ग्रॅम बटर, १०० ग्रॅम ब्राउन शुगर, ५० ग्रॅम पांढरी साखर, १ अंडं (कवच सोडून साधारण ५० ग्रॅम), १ चमचा व्हॅनिला इसेन्स, ९५ ग्रॅम मैदा, १३५ ग्रॅम रोल्ड ओट्स, अर्धा चमचा बेकिंग सोडा, पाव चमचा मीठ, अर्धा चमचा दालचिनी पूड आणि ७५ ग्रॅम बेदाणे. चमचा म्हणजे ५ मिलीचा, सपाट भरलेला. बटर आणि दोन्ही साखरा फेटायच्या, मग अंडं आणि व्हॅनिला, मग चाळलेलं कोरडं साहित्य, शेवटी ओट्स आणि बेदाणे. ४० ग्रॅमचे गोळे, दोन गोळ्यांत ५ सेंटीमीटर अंतर, १७५ अंश सेल्सिअस, मधली जाळी, ११ ते १३ मिनिटं. एवढ्यात १५-१६ कुकीज होतात. तुमची कृती वेगळी असेल तरी पुढचं सगळं तिलाही लागू पडेल, कारण बटर, साखर आणि ओट्स यांचं एकमेकांशी असलेलं नातं बदलत नाही.

पाण्याचा हिशेब

या कृतीत पाणी म्हणून काहीच घातलेलं नाही. तरी मिश्रणात पाणी आहे. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं, म्हणजे ११५ ग्रॅम बटरमधून १८ ग्रॅम. अंड्याचा पाऊण भाग पाणीच, म्हणजे ३७ ग्रॅमच्या आसपास. दोन्ही मिळून ५५ ग्रॅम. व्हॅनिला आणि ब्राउन शुगरमधला ओलावा धरला तर थोडं वर. या जेमतेम चार मोठ्या चमच्यांएवढ्या पाण्यावर दीडशे ग्रॅम साखर, पंचाण्णव ग्रॅम मैदा आणि एकशे पस्तीस ग्रॅम ओट्स असे तिघेही हक्क सांगतात.

साखर पाणी ओढून घेते आणि तिचा पाक होतो. हा पाक ओव्हनमध्ये गरम झाला की पातळ होतो आणि कुकीला घेऊन पसरतो. मैदा पाणी बऱ्यापैकी लवकर शोषतो. ओट्सचं मात्र तसं नाही. ते वाफवून चपटे केलेले सबंध दाणे असतात. त्यांच्यात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो, तो पाणी धरून ठेवून बुळबुळीत, घट्टसर होतो. ओट्सची पेज गार झाल्यावर आळते त्यामागे स्टार्चसोबत त्याचाही हात असतो. पण यासाठी त्यांना वेळ लागतो. मिश्रण कालवल्या कालवल्या ट्रेवर घातलंत तर ओट्स अजून कोरडेच असतात आणि बरंचसं पाणी पाकात मोकळं असतं. अर्ध्या तासाने तेच पाणी ओट्सच्या पोटात गेलेलं असतं आणि मिश्रण हाताला घट्ट लागतं.

हे एकदा डोक्यात बसलं की अंड्याच्या आकाराकडे दुर्लक्ष करवत नाही. ५० ग्रॅमच्या जागी ६० ग्रॅमचं अंडं गेलं तर ७-८ ग्रॅम पाणी वाढतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एकूण ५५ मधले ते साडेसात आहेत. म्हणून मी आता अंडं फोडून, हलकं फेटून, वजन करूनच घालते.

पहिला ट्रे आणि शेवटचा ट्रे

एकाच बॅचचे दोन-तीन ट्रे एकामागून एक भाजत असाल तर कारण शोधायचं सर्वांत सोपं साधन तुमच्या समोरच असतं. कोणता ट्रे बिघडला ते नीट बघा.

पहिला ट्रे सपाट आणि शेवटचा चांगला जाड, असं होत असेल तर ओट्सना पाणी प्यायला वेळ मिळाला नव्हता. शेवटच्या ट्रेचं मिश्रण भांड्यात वाट बघत बसलं होतं, तेवढ्यात ते सुधारलं. उपाय फुकटातला आहे: मिश्रण झाकून ३० ते ४५ मिनिटं तसंच ठेवा.

याच्या उलट, पहिला ट्रे छान आणि दुसरा पसरलेला, असं असेल तर पाण्याला दोष देऊ नका. तुम्ही नुकत्याच काढलेल्या गरम ट्रेवरच पुढचे गोळे ठेवले असणार. बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं. गरम पत्र्यावर ते ओव्हनमध्ये जाण्याआधीच सुटायला लागतं आणि कडा धरायच्या आत कुकी पसरून मोकळी होते. ट्रे पूर्ण गार होऊ द्या, किंवा दोन ट्रे आलटून पालटून वापरा. ओव्हनच्या शेजारी ठेवलेलं मिश्रणाचं भांडंही हळूहळू तापत असतं, ते लांब ठेवा.

सगळेच ट्रे सपाट येत असतील तर चूक आधीच झालेली आहे: बटर, मोजमाप किंवा ओव्हन. एकाच ट्रेमध्ये डावीकडच्या कुकीज वेगळ्या आणि उजवीकडच्या वेगळ्या असतील तर ओव्हनची उष्णता एकसारखी नाही. अर्धा वेळ झाला की ट्रे फिरवून ठेवा, यापलीकडे त्यावर फार विचार करण्यात अर्थ नाही.

पाणी आणि बटर यांची कारणं वेगळी काढण्यासाठी मी एकदा एकाच मिश्रणाचे तीन गोळे केले. पहिला लगेच भाजला. दुसरा ४० मिनिटं ओट्यावर झाकून ठेवला. तिसरा तेवढाच वेळ फ्रिजमध्ये. पहिली कुकी सर्वांत रुंद आणि पातळ आली. दुसऱ्या गोळ्यातलं बटर तितकंच मऊ होतं, तरी कुकी स्पष्ट जाड निघाली. तिसरी आणखी थोडी जाड. तोपर्यंत मला वाटायचं की फ्रिजचा सगळा फायदा बटर गार होण्यात आहे. प्रत्यक्षात माझ्या मिश्रणात मोठा वाटा नुसत्या थांबण्याचा होता. घाई असेल आणि फ्रिजमध्ये जागा नसेल तर ओट्यावरची अर्ध्या तासाची विश्रांतीही पुष्कळ काम करते, हे मी त्या दिवसापासून ठामपणे सांगते. खोली फार गरम असेल तर मात्र फ्रिजच बरा.

बटर किती मऊ?

कृतींमध्ये ‘रूम टेंपरेचर’ लिहितात आणि इथेच पाय घसरतो, कारण प्रत्येकाची खोली वेगळी. फेटण्यासाठी बटर १८ ते २० अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर नसेल तर बोटाने दाबा: खळगा पडायला हवा, पण बोट आरपार जायला नको आणि बटर चकाकायला नको. चकाकी आली म्हणजे ते सुटायला लागलं आहे. मायक्रोवेव्हमध्ये मऊ करताना कडा जशाच्या तशा राहतात आणि आत डबकं होतं. ते वरून दिसत नाही. त्यापेक्षा बटरचे लहान चौकोनी तुकडे करून २०-३० मिनिटं बाहेर ठेवा.

आणि फेटायचं बेतानं. केकसाठी आपण पांढरंशुभ्र होईपर्यंत फेटतो. कुकीजसाठी दीड-दोन मिनिटं पुरतात. जास्त फेटलं की हवा भरते, बटरही तापतं, आणि कुकी ओव्हनमध्ये फुगून मग खाली बसते.

वितळलेलं बटर मुद्दाम वापरणाऱ्या कृती असतात, त्यांचा स्वभाव वेगळा आणि त्यांना विश्रांती जास्त लागते. तेल वापरत असाल तर लक्षात ठेवा की तेलात पाणी नसतं आणि ते गार झाल्यावर घट्टही होत नाही. बटरच्या वजनाएवढंच तेल घातलं तर स्निग्धता जास्त होते. बटरच्या साधारण ८० टक्के घ्या आणि उरलेल्या वजनापुरतं दूध.

कप, वजन आणि मैदा

मैद्याचा कप हा ओट्स कुकीजमधला सर्वांत मोठा लपलेला गुन्हेगार आहे. डब्यात कप खुपसून भरला तर त्यात १५० ग्रॅमपर्यंत मैदा मावतो. मैदा हलवून, चमच्याने कपात सोडून वर सपाट केला तर १२० ग्रॅम. म्हणजे एका कपामागे ३० ग्रॅमचा फरक, आणि तोही मोजणाऱ्याच्या त्या दिवशीच्या हातावर अवलंबून. कुकीज कधी पसरतात आणि कधी दगडासारख्या होतात, याचं उत्तर बऱ्याच स्वयंपाकघरांत इथेच संपतं. स्वयंपाकघरात वजनकाटा नसेल तर बाकी काही घेण्याआधी तो घ्या.

संपूर्ण गव्हाचं पीठ वापरलं तर त्यातला कोंडा जास्त पाणी ओढतो आणि कुकी कोरडी, जड होते. निम्मं पीठ बदला, एक-दोन चमचे दूध घाला आणि विश्रांती वाढवा. सगळाच्या सगळा मैदा काढून पहिल्याच प्रयत्नात चांगल्या कुकीची अपेक्षा ठेवू नका.

मैदा फार कमी पडला तर कुकी पसरते, आणि गार झाल्यावर उचलताना भुगाही होतो. ओट्समध्ये ग्लुटेन नसतं, त्यामुळे त्यांना बांधून ठेवायचं काम मैदा आणि अंडं करतात. भुगा होणाऱ्या कुकीजवर लोक आणखी बटर घालतात, त्याने त्या अधिकच सुटतात. १०-१५ ग्रॅम मैदा वाढवून बघा. आणि ट्रेवरून ५ मिनिटं उचलू नका; भट्टीतून निघालेली कुकी कोणाचीही असो, मोडणारच.

कोणते ओट्स

रोल्ड ओट्स म्हणजे जाडसर, गोल चपटे दाणे. क्विक ओट्स हे त्यांचेच तुकडे करून आणखी पातळ लाटलेले. क्विक ओट्स पाणी झटकन पितात, त्यामुळे कुकी कमी पसरते, पोत एकसारखा होतो, पण चावण्यातली मजा थोडी जाते. पाकिटावर न बघता एकाच्या जागी दुसरे घातले की कुकी बदललीच म्हणून समजा. क्विकवरून रोल्डवर आलात तर विश्रांतीचा वेळ दुप्पट करा. मला स्वतःला दोन भाग रोल्ड आणि एक भाग बारीक केलेले रोल्ड असं मिश्रण आवडतं. मिक्सर दोन-तीनदा सुरू करून लगेच बंद केला की बस. चूर्ण मोकळ्या जागा भरतं आणि कडा सुबक येतात.

दाण्याचे नुसते तुकडे केलेले स्टील-कट ओट्स इथे चालत नाहीत. १२ मिनिटांत ते शिजत नाहीत आणि दाताखाली खड्यासारखे येतात. चव घातलेली इन्स्टंट पाकिटंही नकोत, त्यातली साखर आणि मीठ सगळा हिशेब बिघडवतात.

कुकीज मागाहून कडवट लागत असतील तर आधी ओट्सचा वास घ्या. गव्हाच्या तुलनेत ओट्समध्ये स्निग्धांश बराच जास्त असतो. तो खराब करणारं एन्झाइम निकामी व्हावं म्हणूनच ओट्स कारखान्यात वाफवतात. तरी उघडलेलं पाकीट महिनोन् महिने उबेत राहिलं की जुन्या तेलासारखा वास येतोच. त्याला दालचिनीने झाकता येत नाही.

साखर आणि सोडा

पांढरी साखर कुकीला पसरवते आणि कुरकुरीत करते. ब्राउन शुगरमधली मळी ओलावा धरून ठेवते आणि किंचित आंबटही असते. ती सोड्याला काम देते. म्हणून घरात ब्राउन शुगर संपली म्हणून सगळी पांढरी घातली की एका बदलातून तीन परिणाम होतात: कुकी पातळ होते, दुसऱ्या दिवशी कडक होते, आणि न वापरलेला सोडा साबणासारखी चव ठेवून जातो. असा बदल करायचाच असेल तर सोडा निम्मा करा.

‘कमी गोड’ म्हणून साखर अर्ध्यावर आणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की साखर इथे ओलावा आणि पोतही सांभाळते. पाचवा भाग कमी केला तर बहुधा निभावतं. त्याहून जास्त काढली की कुकी पसरत नाही, रंग धरत नाही आणि कोरडी पडते.

सोड्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होतं आणि त्यामुळे कुकी लवकर तांबूस होते. वर तपकिरी ठिपके आणि तिथेच कडू चव, म्हणजे सोड्याच्या गुठळ्या राहिल्या; चाळून घ्या. सोड्याऐवजी बेकिंग पावडर घातली की कुकी फिकट आणि केकसारखी फुगीर होते. केकसारखेपणाची दुसरी कारणं म्हणजे जास्तीचं अंडं किंवा मैदा घातल्यावर जोरात फेटणं. मैदा दिसेनासा झाला की थांबा, ओट्स हाताने किंवा उलथन्याने मिसळा.

ओव्हन खरंच १७५ अंशांवर आहे का?

बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत २० अंशांचा फरक असणं मुळीच दुर्मीळ नाही. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो उत्तम. तो नसेल तर साखरेची चाचणी करता येते. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. एका छोट्या उष्णतारोधक वाटीत चमचाभर साखर घालून ओव्हन १७५ वर १५ मिनिटं ठेवा: ती दाणेदारच राहायला हवी. मग दुसरी साखर १९० वर तेवढाच वेळ: ती वितळायला हवी. पहिलीच वितळली तर ओव्हन सांगतो त्यापेक्षा गरम आहे, दुसरीही कोरडी राहिली तर थंड. वितळलेली साखर फार भाजते, हात जपा.

थंड ओव्हनमध्ये बटर आधी वितळतं आणि अंडं, पीठ मागून घट्ट होतं, म्हणून कुकी पसरते. फार गरम ओव्हनमध्ये बाहेरून कवच धरतं आणि आत कच्चं राहतं. पंखा चालणाऱ्या मोडवर भाजत असाल तर १५-२० अंश कमी ठेवा. प्रीहीटचा दिवा लागल्यावरही आणखी दहा मिनिटं जाऊ द्या, आतल्या भिंती तेवढ्यात तापतात.

तळ जळतोय आणि वर फिकं आहे? गडद रंगाचा पातळ ट्रे असेल तर तोच कारण. एक जाळी वर सरकवा, खाली बेकिंग पेपर घाला. पेपर असताना ट्रेला बटर फासू नका, त्यावरून कुकी घसरत पसरते.

दगडासारख्या कुकीजबद्दल एवढंच सांगते: मैद्याचं मोजमाप बरोबर असेल तर त्या जवळजवळ नेहमी दोन मिनिटं जास्त भाजलेल्या असतात. कडा सोनेरी आणि मधला भाग अजून ओलसर, जरासा कच्चा वाटतो तेव्हाच ट्रे बाहेर काढायचा. गरम ट्रेवर पुढची पाच मिनिटं कुकी शिजतच राहते. ओव्हनमध्येच कडक लागली तर गार झाल्यावर ती दात मागते. बेदाणे कोरडे असतील तर तेही कुकीतला ओलावा ओढून घेतात. १० मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, निथळा आणि कापडाने टिपून घ्या. ओले घातले तर पुन्हा तोच पाण्याचा हिशेब बिघडतो.

आधी एकच कुकी

मी आता पूर्ण ट्रे कधीच आधी भाजत नाही. विश्रांतीनंतर एकच गोळा भाजते आणि गार झाल्यावर बघते. मिश्रण अजून हातात असतं, त्यामुळे दुरुस्ती करता येते. (कच्चं मिश्रण चाखून ठरवू नका, त्यात कच्चं अंडं आणि कच्चा मैदा दोन्ही आहेत.)

फार पसरली तर आधी मिश्रण २० मिनिटं फ्रिजमध्ये आणि दुसरी चाचणी. तरीही पसरली तर एक मोठा चमचा मैदा. हा क्रम उलटा करू नका. आधीच मैदा वाढवला आणि नंतर ओट्सनी पाणी प्यायलं की बॅच कोरडी पडते आणि ती मग सावरत नाही. अजिबात पसरली नाही तर गोळे तळव्याने दीड सेंटीमीटर जाडीचे दाबा. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेल्या मिश्रणाला हे लागतंच, त्यात बिघडल्यासारखं काही नसतं. दाबतानाच कडांना भेगा पडत असतील तर एक चमचा दूध मिसळा, दहा मिनिटं थांबा.

झाकलेलं मिश्रण फ्रिजमध्ये दोन दिवस छान राहतं, आणि माझ्या मते दुसऱ्या दिवशीच्या कुकीजचा स्वाद अधिक खोल असतो. गोळे करून फ्रीझरमध्येही ठेवता येतात. आधी ट्रेवर सुटे गोठवा, मग पिशवीत भरा, म्हणजे एकमेकांना चिकटत नाहीत. भाजताना वितळवायची गरज नाही, दोन मिनिटं जास्त द्या.

भाजलेल्या कुकीज पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात घालू नका, वाफेने मऊ पडतात. आधीच मऊ पडल्या असतील तर १५० अंशांवर ४-५ मिनिटं ठेवून उघड्यावर गार करा. कडक झाल्या असतील तर डब्यात पावाचा एक तुकडा टाकून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी पाव वाळलेला असतो आणि कुकीज मऊ.